पृथ्वी तरुण होती तेव्हा समुद्राचा तळ जास्त वेगाने पसरत होता का?

जांभाचिरा

परवा गरम पाण्याच्या कुंडांवरच्या धाग्यात एक वाक्य सहज येऊन गेलं: "पृथ्वी तरुण होती तेव्हा आतून जास्त तापलेली होती, म्हणून समुद्राचा तळही भराभर पसरायचा आणि पोटातले वायूही भराभर बाहेर पडायचे." बऱ्याच जणांनी त्याला होकार भरला. मला ते तसंच सोडवेना. पृथ्वी जास्त तापलेली होती हे खरं. वायू सुरुवातीला जास्त बाहेर पडले हेही बहुतांशी खरं. पण तळ वेगाने पसरत होता, हा मधला दुवा गेल्या वीस वर्षांत बराच डळमळीत झाला आहे. म्हणून हा वेगळा धागा.

सुरुवात आपल्याच समुद्रापासून करतो. रत्नागिरीहून नैऋत्येला जात राहिलं तर आधी उथळ खंडमंच लागतो, मग उतार, लक्ष्मी खोरं, लक्ष्मी रांग, मग खोल सपाट तळ, आणि त्याच्याही पलीकडे पाण्याखालची एक लांबच लांब डोंगररांग: कार्ल्सबर्ग. १९२८ ते १९३० या काळात 'डाना' या डॅनिश जहाजाच्या मोहिमेत ती सापडली आणि मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या प्रतिष्ठानाचं नाव तिला मिळालं.

१९६२ मध्ये, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने या रांगेवर चुंबकीय मोजणी केली. ड्रमंड मॅथ्यूज त्या मोहिमेत होते. केंब्रिजला त्यांचा विद्यार्थी फ्रेड वाइन ती मोजमापं घेऊन बसला आणि १९६३ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला: रांगेच्या दोन्ही बाजूंना खडकांत सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत, कारण रांगेच्या फटीतून लाव्हा वर येतो, थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतो आणि दोन्हीकडे सरकत जातो. समुद्राचा तळ पसरतो, या हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेला इथे मोजता येणारा आधार मिळाला. कॅनडातल्या लॉरेन्स मॉर्ली यांनी हाच विचार स्वतंत्रपणे केला होता, पण त्यांचा लेख नियतकालिकांनी परत पाठवला. हे फार अन्यायाचं झालं असं मला वाटतं आणि त्यांचं नाव प्रत्येक वेळी घेतलं पाहिजे.

समुद्रतळ पसरतो याच्या पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक आपल्या अरबी समुद्राच्या टोकाला मोजला गेला, हे कोकणातल्या प्रत्येक शाळेत सांगण्यासारखं आहे.

आता आकडे. जगभरातल्या मध्यसागरी रांगांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर. त्यांवर दर वर्षी साधारण ३ चौरस किलोमीटर नवा तळ तयार होतो आणि तेवढाच जुना तळ दुसरीकडे प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तापलेल्या खडकाच्या जाड थरात, परत जातो. या कवचाची जाडी सहा-सात किलोमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे २० घन किलोमीटर नवा खडक. कार्ल्सबर्ग रांग संथ आहे, वर्षाला दोन ते तीन सेंटीमीटर. पूर्व पॅसिफिकमध्ये हाच वेग काही ठिकाणी १५ सेंटीमीटरपर्यंत जातो.

पृथ्वीवर समुद्री कवच सुमारे ३० कोटी चौरस किलोमीटर आहे. त्याला ३ ने भागा: दहा कोटी वर्षांत अख्खा तळ बदलला जाईल एवढा हा वेग आहे. म्हणूनच खोल समुद्रात जागेवर असलेला सगळ्यात जुना मोठा तळ, पश्चिम पॅसिफिकमधला, फक्त १८ कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. तळावर लिहिलेली नोंद या आयुष्याच्या जेमतेम ४ टक्क्यांची. बाकीच्या काळाबद्दल बोलायचं तर खडकांत अडकलेले वायू, जमिनीवर उरलेले जुने किनारे आणि उष्णतेचा हिशेब एवढीच साधनं हाताशी आहेत. त्याबद्दल बोलूया.

सुरमाड

जांभाचिरा दादा, आम्ही हर्णैचे. आमच्या बोटी चाळीस-पन्नास वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) खोलीपर्यंत जातात. जाळ्यात कधी चिखल येतो, कधी शिंपांचा चुरा, कधी खडकाला अडकून जाळं फाटतं. तुम्ही म्हणता तो पसरणारा तळ म्हणजे हाच का? आमच्या पायाखालचा?

जांभाचिरा

नाही सुरमाड, तुमच्या जाळ्याखाली अजून जमीनच आहे, फक्त बुडालेली. खंडमंच हा भारतीय खंडाचाच ताणला गेलेला, खचलेला काठ. साधारण साठ-सत्तर वावांपुढे तळ एकदम उतरायला लागतो, पण तिथेही समुद्री कवच लगेच सुरू होत नाही. लक्ष्मी खोऱ्याच्या खालचं कवच खंडाचं की समुद्राचं यावर तज्ज्ञांमध्ये आजही वाद आहे. २०१५ मध्ये वैज्ञानिक खोदकामाच्या जहाजाने तिथे गाळातून एक किलोमीटरहून खोल जाऊन खालच्या बेसाल्टचा नमुना काढला.

हा ताण कुठे बघायचा असेल तर मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून चाला. काळ्या दगडाच्या उभ्या भिंती साधारण उत्तर-दक्षिण, म्हणजे किनाऱ्याला समांतर, गेलेल्या दिसतील. त्यांना डाइक म्हणतात. कवच पूर्व-पश्चिम ताणलं गेलं, भेगा पडल्या, भेगांत लाव्हा शिरला आणि थिजला. दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर थोड्याच काळात, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स आपल्यापासून सुटलं आणि मधे जो नवा तळ बनू लागला तो आज कार्ल्सबर्ग रांगेवर बनतोच आहे. मुरूडच्या कातळावर उभं राहून पश्चिमेला तोंड केलं, की एका समुद्राच्या जन्माच्या काठावर उभे असतो आपण. माझा सगळा जीव या एका गोष्टीत आहे.

उंडी

मी चिपळूणच्या बाजूला शाळेत विज्ञान शिकवते. मला ती 'म्हणून' चुकीची कशी हे नीट समजून घ्यायचं आहे, कारण मुलांना मीही असंच सांगत आले आहे. पदार्थ गरम केला की पातळ होतो. पातळ झाला की जोरात फिरतो. प्रावरणही जास्त गरम असताना जोरात फिरत असणार, वरचे मोठे ताठ तुकडे, म्हणजे भूपट्टही, जोरात सरकत असणार, असंच कोणालाही वाटेल ना?

जांभाचिरा

उंडीताई, असंच वाटायचं, आणि १९७०-८० च्या दशकांतली बरीच गणितं याच गृहीतकावर उभी होती. त्यात पहिली अडचण उष्णतेच्या हिशेबाने आणली.

आज पृथ्वीच्या पोटातून एकूण ४६-४७ टेरावॅट उष्णता बाहेर पडते. त्यातली साधारण निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून नव्याने तयार होते. बाकीची म्हणजे जुनी साठवण, आणि ती खर्च होते म्हणजे पृथ्वी थंड होते आहे. आता काळ उलटा फिरवा आणि 'गरम म्हणजे वेगवान' हा नियम लावा. मागे जावं तसं प्रावरण गरम, म्हणून वेग जास्त, म्हणून उष्णतेची गळती जास्त, म्हणून त्याच्या आधी प्रावरण आणखी गरम असलं पाहिजे. असं करत करत दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वीच अख्खं प्रावरण वितळलेलं निघतं. आणि खडक तर वेगळंच सांगतात. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीच्या नावाने ओळखले जाणारे कोमाटिआइट लाव्हा तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. ते सुमारे १६०० अंश तापमानाला बाहेर पडले असावेत. त्यांवरून आणि त्या काळच्या इतर बेसाल्टवरून प्रावरण आजच्यापेक्षा दीडशे ते अडीचशे अंशांनी गरम होतं असं निघतं. वितळून गेलेलं नव्हतं.

मग चूक कुठे? भूभौतिकशास्त्रज्ञ जुन कोरेनागा यांनी २००३ पासून मांडलेला मुद्दा असा. रांगेखाली प्रावरण वर येताना वितळतं. प्रावरण जितकं गरम, तितकं ते जास्त खोलीपासून वितळायला लागतं. वितळताना खडकातलं पाणी जवळपास सगळं लाव्ह्यात निघून जातं आणि मागे उरलेला खडक कोरडा होतो. कोरडा खडक ताठ. गणपतीच्या शाळेत शाडूची माती ओली असते तोवर हवी तशी वळते, पाणी उडून गेलं की वाकवायला गेलं तर मोडते. इथेही ताठपणा येतो तो पाणी गेल्यामुळे. म्हणजे तरुण, गरम पृथ्वीवर भूपट्ट जाड आणि ताठ होते. ते वाकून खाली शिरणं अवघड, आणि भूपट्ट वाकून खाली शिरल्याशिवाय रांगेवर नवा तळ उघडत नाही. प्रावरण आतून पातळ असूनही वरचं झाकण हलायला जड.

उंडी

आता 'म्हणून' कुठे तुटते ते दिसलं. पण हे झालं गणित. कोणी मोजलंय का?

जांभाचिरा

थेट नाही, आडून मोजलंय. ड्वाइट ब्रॅडली यांनी २००८ मध्ये जगभरातल्या जुन्या 'निष्क्रिय' किनाऱ्यांची आयुष्यं गोळा केली. निष्क्रिय किनारा म्हणजे खंड फुटून तयार झालेला, पण जिथे तळ खाली शिरत नाही असा. आपला कोकण किनारा तसाच आहे, सव्वासहा कोटी वर्षांचा. अशा किनाऱ्याचा शेवट समुद्र मिटून खंड आदळले की होतो. भूपट्ट पूर्वी भराभर पळत असते तर समुद्र लवकर उघडले आणि लवकर मिटले असते, किनारेही अल्पायुषी निघाले असते. तसं दिसत नाही. सरासरी आयुष्य अठरा कोटी वर्षांच्या आसपास येतं, आणि दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे किनारे आजच्यापेक्षा कमी जगलेले नाहीत.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. भूपट्ट-विवर्तन, म्हणजे भूपट्ट सरकण्याची ही रीत, आजच्या रूपात कधी सुरू झालं यावरही एकमत नाही. अनेक जण तीन अब्ज वर्षांच्या आसपास म्हणतात, काही जण फार अलीकडे आणतात, कारण थंड तळ खोल शिरल्याची खूण असलेले निळे शिस्ट खडक गेल्या ऐंशी कोटी वर्षांतलेच सापडतात. मी कोरेनागांच्या बाजूने झुकतो, कारण उष्णतेचा हिशेब आणि किनाऱ्यांची आयुष्यं दोन्ही एका दिशेला बोट दाखवतात.

झेनॉन

बरेच दिवस नुसती वाचक होते. भू-रसायनशास्त्रात काम करते, निष्क्रिय वायू हाच विषय, म्हणून वायूंची बाजू मी मांडते.

कार्बन डायऑक्साइड, पाणी, गंधक यांच्यावरून इतिहास वाचणं अवघड आहे. ते बाहेर येतात, खडकांत अडकतात, जिवांत शिरतात, परत खाली जातात. हेलियम, अरगॉन, झेनॉन कोणाशी संयोग करत नाहीत, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो.

हेलियम-३, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, पृथ्वी बनली तेव्हा तिच्यात कोंडला गेला आणि नंतर जवळजवळ तयार झालेलाच नाही. १९६९ मध्ये क्लार्क, बेग आणि क्रेग यांना पॅसिफिकच्या खोल पाण्यात तो अपेक्षेपेक्षा जास्त सापडला. साडेचार अब्ज वर्षांनंतरही पृथ्वी आपला जन्मजात वायू सोडते आहे याचा तो सरळ पुरावा. किती सोडते? सगळ्या मध्यसागरी रांगा मिळून वर्षाला दीड ते तीन किलो. सगळ्या पृथ्वीचा मिळून! हा आकडा मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते आणि प्रत्येक वेळी मला स्वतःलाच नवल वाटतं.

हेलियम हलका, तो वातावरणातून अवकाशात निसटतो. अरगॉन निसटत नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेत ०.९३ टक्के अरगॉन आहे आणि तो जवळपास सगळा अरगॉन-४०, म्हणजे खडकांतल्या पोटॅशियम-४० पासून तयार झालेला. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. पृथ्वीत पोटॅशियम किती याचा अंदाज घेतला की आजवर किती अरगॉन-४० तयार झाला ते काढता येतं. त्यातला साधारण निम्मा हवेत आहे. उरलेला निम्मा अजून आत. एवढी अब्जावधी वर्षं तळ पसरून, प्रावरण उपसून, निम्माच बाहेर! पूर्वी तळ आजच्या कित्येक पट वेगाने पसरत असता तर आत इतका उरला नसता. जांभाचिरांच्या मुद्द्याला माझ्या विषयातून मिळणारा हा आधार.

पण झेनॉन दुसरी गोष्ट सांगतो. आयोडीन-१२९ हे किरणोत्सारी मूलद्रव्य पृथ्वी बनताना होतं. त्याचं अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षं, म्हणजे पहिल्या दहा कोटी वर्षांत ते जवळपास संपलं. त्यापासून झेनॉन-१२९ बनतो. मध्यसागरी रांगांच्या बेसाल्टमध्ये या झेनॉन-१२९ चं प्रमाण हवेतल्यापेक्षा जास्त आहे. १९८२ मध्ये श्टाउडाखर आणि अलेग्र यांनी हे दाखवलं. अर्थ असा की आयोडीन-१२९ जिवंत होतं तेव्हाच प्रावरणातला जुना झेनॉन मोठ्या प्रमाणात बाहेर पडून गेलेला होता. आत जे थोडं उरलं त्यात नवा झेनॉन-१२९ मिसळला आणि प्रमाण चढलं. वायूंचा सगळ्यात मोठा लोट समुद्रतळ पसरण्याची रीत सुरू होण्याच्याही आधी गेला: लाव्ह्याचा महासागर, प्रचंड आघात, चंद्र बनवणारी टक्कर, त्या काळात.

सुरमाड

झेनॉनताई, खडकात वायू असतो म्हणजे नक्की कुठे असतो? डोळ्यांना दिसतो?

झेनॉन

दिसतो. रांगेवर लाव्हा थंड पाण्याला लागताच वरचा थर काचेसारखा पटकन थिजतो, आणि वरून दोन-तीन किलोमीटर पाण्याचा दाब असल्यामुळे बारीक बुडबुडे तसेच आत अडकतात. अटलांटिकच्या मध्यसागरी रांगेवर, १४ अंश उत्तरेच्या आसपास, असा एक प्रसिद्ध खडक मिळाला की वर काढल्यावर जहाजाच्या फळीवर तो तडतडू लागला. दाब सुटल्यावर आतल्या वायूने काच फोडली. प्रावरणातल्या वायूंबद्दलचं आपलं कितीतरी ज्ञान त्या एका नमुन्यावर उभं आहे.

आणि एक महत्त्वाची जोड. वायू किती बाहेर पडणार हे नुसत्या पसरण्याच्या वेगावर ठरत नाही. एक चौरस किलोमीटर तळ बनताना खालचा किती जाडीचा खडक वितळतो, हेही बघायला हवं. आज सहा-सात किलोमीटर कवच बनतं. गरम प्रावरणातून वीस किलोमीटर किंवा त्याहून जाड कवच बनत असेल, आणि वितळण्याची सुरुवातही कितीतरी खोलवरून. म्हणजे तळ आजच्यापेक्षा हळू पसरत असतानाही दर चौरस किलोमीटरमागे जास्त प्रावरण पिळून निघत होतं. वेग कमी, उपसा जास्त. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, हे सगळ्यात जास्त लोकांच्या लक्षात राहत नाही.

दुसऱ्या बाजूने परतीचा रस्ताही बदलला. आज खाली शिरणारा तळ आपल्याबरोबर पाणी आणि हवेतले वायू घेऊन जातो. प्रावरणातल्या झेनॉनचा मोठा भाग मुळात हवेतून परत गेलेला आहे. २०१८ मध्ये परई आणि मुखोपाध्याय यांनी दाखवलं की अडीच अब्ज वर्षांपूर्वी हे परत जाणं नगण्य असलं पाहिजे. बहुधा तेव्हा खाली जाणारा तळ इतका तापायचा की सगळं वाटेतच बाहेर पडायचं. तेव्हा पृथ्वी फक्त देत होती. घेणं नंतर सुरू झालं.

रेडीकर

माका एक इचारूचा आसा. आमच्या रेडीच्या खाणीतला लोखंड बोटी भरान जाताना लहानपणापासून बघितलंय. ता लोखंड मुळात समुद्राच्या तळातून इला, असा एकदा कोणीतरी सांगल्यानी. खरा काय ता?

जांभाचिरा

खरं आहे, आणि फार मोलाचा प्रश्न विचारलात. रेडीचं खनिज ज्या पट्टेदार खडकापासून बनलं, तो धारवाड काळातला, अडीच अब्ज वर्षांहून जुना. तांबडा-काळा लोहाचा थर आणि गारेचा, म्हणजे गारगोटीचा, थर, एकाआड एक. नंतरच्या काळात ऊन-पावसाने गार वाहून गेली आणि लोह साठून खनिज झालं.

त्या काळी समुद्राच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नव्हता. तळाच्या फटींतून तापलेलं पाणी बाहेर यायचं आणि त्यात विरघळलेलं लोह गंजून तिथेच बसायचं नाही, दूरपर्यंत पसरायचं. उथळ भागात येऊन त्याचं ऑक्साइड व्हायचं आणि तळाशी थर बसायचे. या खडकांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून लोहाचा मोठा वाटा समुद्रतळाच्या गरम पाण्याचा होता हे ओळखता येतं. म्हणजे दक्षिण कोकणात, वेंगुर्ले तालुक्यात, तुम्ही हातात धरू शकता असा अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या श्वासाचा पुरावा पडला आहे. २.४ अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास हवेत प्राणवायू वाढला आणि काही काळाने असे जाड थर बनणं जवळपास थांबलं.

आजही असं गरम पाणी येतं. १९७७ मध्ये गालापागोसजवळ पहिल्यांदा ते माणसाने पाहिलं. आपल्या बाजूला, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याची ध्रुवीय व सागरी संशोधन संस्था आणि चेन्नईची महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी हिंदी महासागराच्या मध्यवर्ती रांगेवर सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या अशा जिवंत फटीचं छायाचित्र मिळवलं.

रेडीकर

देव बरे करो. आता खाणीकडे बघूची नजर बदलली.

सागरगोटा

आणि ज्या धाग्यावरून हे सुरू झालं ती कुंडं? तुरळ, राजवाडी, उन्हवरे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. बुडबुडेही येतात. तो प्रावरणाचा वायू नाही का?

झेनॉन

नाही. ते मुख्यतः पावसाचं पाणी आहे. भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि कोकणातल्या उत्तर-दक्षिण भेगांच्या पट्ट्यातून वर येतं. बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे, म्हणजे मुरताना बरोबर गेलेल्या हवेचे. कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. तिथल्या पाण्याला कमी लेखायचं नाही मला, पण प्रावरणाचा श्वास बघायचा तर कार्ल्सबर्गलाच जायला हवं.

सागरगोटा

मग मला मूळ चिंतेचं बोलू द्या. तळ पसरताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पूर्वी तो जास्त असताना पृथ्वी तापली असणार. मग आज जे तापमान वाढतंय त्याचाही दोष समुद्रतळाकडे जातो का? माझ्या ओळखीत असं ठामपणे म्हणणारे आहेत.

जांभाचिरा

त्यांना आकडे दाखवा. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला एक अब्ज टनापेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपण कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट करून सोडतो तो सुमारे ३७ अब्ज टन. समुद्रतळाने शंभर वर्षांत अशी उडी मारलेली नाही, मारता येतही नाही.

पण कोटी-कोटी वर्षांच्या मापावर मात्र समुद्रतळ हवामान ठरवतो, आणि तिथे तुमचा तर्क बरोबर आहे. १९८३ मध्ये बर्नर, लसागा आणि गॅरल्स यांनी पसरण्याचा वेग आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांना एका गणितात बांधलं. तळ वेगाने बनला की वायू जास्त. शिवाय तरुण तळ गरम आणि फुगलेला असतो, तो पाणी वर ढकलतो आणि समुद्र जमिनीवर चढतो. क्रिटेशस काळात, दहा कोटी वर्षांच्या आगेमागे, असंच होतं. समुद्र आजच्यापेक्षा बराच वर होता. मध्य प्रदेशात बाघला, नर्मदेच्या खोऱ्यात, त्या समुद्राचे जीव दगडात सापडतात.

आणि वायू येतच राहिला तरी पृथ्वी भाजून निघाली नाही, याचं कारण आपल्या पायाखाली आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी बेसाल्ट झिजवतं, त्यातलं कॅल्शियम नद्यांतून समुद्रात जातं, शिंपल्यांत चुनखडी बनून तळाशी बसतं. उष्णता वाढली की पाऊस आणि झीज वाढते, वायू जास्त खेचला जातो. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही गोष्ट. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी आपण घरं बांधतो तो याच झिजेचा उरलेला भाग: कॅल्शियम, मॅग्नेशियम गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. कोकणातल्या सड्यांवर पसरलेल्या जांभ्याकडे मी नेहमी असा बघतो की इथून किती कॅल्शियम समुद्राला गेलं असेल. फक्त या झिजेला लाखो वर्षं लागतात. आपल्या ३७ अब्ज टनांना ती वेळेत पुरी पडणार नाही.

झेनॉन

अलीकडची भर घालते. २००२ मध्ये डेव्हिड रोली यांनी म्हटलं होतं की गेल्या १८ कोटी वर्षांत नवा तळ बनण्याचा वेग जवळजवळ सारखाच आहे. २०२२ मध्ये कॉलीन डाल्टन आणि सहकाऱ्यांनी १८ रांगांचे चुंबकीय पट्टे बारकाईने मोजून दाखवलं की गेल्या १.९ कोटी वर्षांत वेग सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. त्याच गटाने पुढे मांडलं की पृथ्वी या काळात थंड होत गेली त्याचं मोठं कारण हा घटलेला वायू. हिमालय उंच होऊन झीज वाढली, म्हणून थंडी आली, असं आपण शिकलो. त्याला हा दुसरा दावेदार.

भांडण का मिटत नाही तेही सांगते. क्रिटेशसमध्ये सुमारे १२.१ ते ८.३ कोटी वर्षांच्या दरम्यान पृथ्वीचं चुंबकत्व उलटलंच नाही. पट्टेच नाहीत. त्या काळात तयार झालेल्या तळाचं वय आतल्या आत लावणं कठीण. आणि पॅसिफिकमधले फॅरलॉन, इझानागी हे मोठे भूपट्ट बहुतेक खाली गेले. ज्या काळात वेग सगळ्यात जास्त होता असं म्हणतात, त्याचाच पुरावा सगळ्यात कमी उरला आहे. मला स्वतःला गेल्या दोन कोटी वर्षांची घट पटते, क्रिटेशसचा आकडा मात्र मी जपून वापरते.

सुरमाड

आपला भारत तेव्हा केवढ्याने पळत होता?

जांभाचिरा

वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या वर. मोठ्या खंडासाठी हा फार मोठा वेग आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडल्यावर तो चार-पाचवर आला, आणि कार्ल्सबर्ग रांगेचा वेगही त्याबरोबर पडला. एका ठिकाणी खंड आदळतो आणि हजारो किलोमीटर दूर रांग मंदावते. म्हणून मी म्हणतो, समुद्रतळाच्या वेगाचं कारण फक्त खालच्या उष्णतेत शोधू नका. खाली शिरायला जागा मिळते की नाही, समोर कोण आडवं येतं, हे जास्त ठरवतं. ही गोष्ट आपल्या समुद्राइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

उंडी

नववीच्या मुलांना यातलं काहीतरी हातांनी करायला द्यायचं आहे. सुचवाल का?

जांभाचिरा

द्या की. तळ जुना होतो तसा थंड होऊन खचतो, त्याचं सोपं सूत्र आहे: खोली मीटरमध्ये = २,५०० + ३५० × वयाचं वर्गमूळ, वय दहा लाख वर्षांत. हे सात-आठ कोटी वर्षांपर्यंत छान लागू पडतं. कार्ल्सबर्गच्या माथ्यावर वय शून्य, म्हणून अडीच किलोमीटर. वय ४० घेतलं की सुमारे ४,७०० मीटर. आपल्या बाजूच्या ६३ ला सुमारे ५,३०० येतात. मग मुलांना नकाशात अरबी समुद्राची खरी खोली बघायला सांगा. आपल्या बाजूला ती बरीच कमी निघेल, कारण मधली जागा सिंधू नदीने आणलेल्या गाळाने भरली आहे. गाळाच्या वजनाने खालचा तळ आणखी दबतो, ती दुरुस्ती दुसऱ्या तासाला घ्या. गणित लागेल, पण नववीला झेपेल.

उंडी

वर्गमूळाची पाटी मीच करून देते, सोमवारी लावते.